फुकटची नोकरी

माझी बायको गेल्यावर तिच्या वस्तू घरात राहिल्या, त्याचं मला काही वाटलं नाही. साड्या, चष्मा, औषधांचा डबा, सगळं तिचंच होतं, ते राहणारच. पण जी कॉट तिची नव्हती तीच खोली अडवून बसली होती. दवाखान्यात असते तशी लोखंडी कॉट, पायथ्याचा दांडा फिरवला की डोक्याकडची बाजू वर यायची. तिच्यावर हवेची गादी, आणि कोपऱ्यात कमोडची खुर्ची. कसबा पेठेत एक केंद्र आहे, तिथून आणलेलं सामान. आजारपणात लागणाऱ्या वस्तू तिथे फुकट वापरायला देतात आणि काम झालं की परत घेतात. 'काम झाल्यावर परत करावे' असंच त्यांच्या पावतीवर छापलेलं होतं. काम झालं म्हणजे काय झालं, ते छापलेलं नव्हतं.

तेरावा होऊन बरेच दिवस गेले तरी मी ते सामान परत केलं नाही. शेजारीण येता-जाता म्हणायची, "आबा, ती कॉट घरात ठेवू नये हो, बरं नसतं."

"तुमच्या घरात ठेवली नाही ना? मग झालं."

मी असाच बोलतो. मंडईत आमचा कांदे-बटाट्याचा गाळा होता. उभा जन्म तिथे गेला, पण माल विकला तो तिने. मी पोती उचलायचो, माल निवडायचो, वजन करायचो. गिऱ्हाइकाशी बोलायची ती. मी तोंड उघडलं की गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यावर.

शेवटी टेम्पो बोलावला तो नातीने. ही माझ्या मुलाची मुलगी. मुलगा तालुक्याच्या गावी साखर कारखान्यात नोकरीला आहे. बारावी झाल्यावर त्याने तिला शिकायला आमच्याकडे पाठवली, ती इथेच राहिली. मार्केटिंगचं शिकली. मी तिला विचारलं होतं, म्हणजे नक्की काय शिकवतात? ती म्हणाली, "माल लोकांपर्यंत कसा न्यायचा ते." मी म्हटलं, हातगाडीवरून. तिने कपाळाला हात लावला आणि तिची आजी हसत बसली.

शिक्षण झालं, पण नोकरी लागेना. रोज अर्ज करायची, दोन-चार ठिकाणी बोलावलंही. सगळीकडे एकच प्रश्न, अनुभव किती आहे?

"अगं, पण अनुभव नोकरीवरच मिळणार ना? नोकरी दिलीच नाही तर तो मिळायचा कुठे?"

"तेच तर ना आबा."

त्यात तिच्या आजीचं आजारपण आलं. मुलाखती सोडून ती घरात थांबली. रात्रीची कूस बदलायची, अंग पुसायचं, सगळं केलं तिने. आजी गेली आणि तेरावा आटोपून परत जाताना माझा मुलगा तिला म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघतो. तोवर पगार चालू झाला तर राहा. नाहीतर सामान आवर आणि घरी ये. स्थळं सांगून येतायत, लोकांना किती दिवस थांबवू? आबांचं काय ते नंतर बघू."

आबा समोरच बसले होते. पण ते असो. मला एवढंच कळलं, की पोरीला नोकरी लागली तर घर राहील, नाही लागली तर मी एकटा तरी राहीन, नाहीतर मुलाच्या घरी कारखान्याचा भोंगा ऐकत बसेन.

तर आम्ही टेम्पोतून सामान घेऊन कसब्यात गेलो. केंद्र म्हणजे एका जुन्या इमारतीतल्या तळमजल्याच्या दोन खोल्या. चालवणारी माणसं दोनच. एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांना सगळे साहेब म्हणतात, आणि एक पूर्वी दवाखान्यात नर्स असलेल्या बाई. दोघंही माझ्याच वयाची. भिंतीवर पाटी होती, 'वस्तू स्वच्छ पुसून परत करा. इथे पुसायला बसलेली माणसंही पेशंट होण्याच्या वयाची आहेत.'

बाईंनी कॉटचा दांडा फिरवून बघितला, गादीला हात लावून बघितला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि वहीत खूण केली.

नात मात्र खोलीभर बघत होती. वॉकर, कुबड्या, खुर्च्या, सगळं एकावर एक रचलेलं, त्यावर धूळ.

"हे असंच पडून असतं?" तिने साहेबांना विचारलं.

"लोकांना माहीतच नाही. ज्यांना माहीत आहे त्यांचे पेशंट संपले."

"जाहिरात का नाही करत?"

"जाहिरातीला पैसे लागतात. ते असते तर नवीन खुर्च्या घेतल्या असत्या."

पोर म्हणाली, "मी करते तुमचं मार्केटिंग. मला पगार नको. फक्त इथे काम केलं हे मला पुढे सांगता आलं पाहिजे."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "आमच्याकडे सगळं फुकटच असतं. तुम्हीही बसा त्या कुबड्यांशेजारी."

घरी येईपर्यंत मी दम धरला. घरी आल्यावर बोललो. फुकट राबायचं? कशासाठी? मंडईतला हमालसुद्धा फुकट पोतं उचलत नाही, आणि तू सोळा वर्षं शाळा-कॉलेज करून फुकट जाणार?

"आबा, घरी बसले तरी फुकटच बसणार ना? तिथे बसले तर काहीतरी केलं असं सांगता येईल."

"आणि दिवाळीला बापाला काय सांगशील? अनुभव आलाय, पगार नाही आला?"

त्यावर ती चिडून आत गेली. मला उत्तर हवं होतं असं नाही. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की माझा आवाज चढतो. हे तिच्या आजीला माहीत होतं. नातीला अजून माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती जायला लागली. चार-पाच दिवस मी घरात बसून बघितलं. मग मीही तिच्याबरोबर जायला लागलो. सांगायला कारण होतं, की वस्तू पुसायला माणूस लागतो. खरं म्हणजे दुपारी घरात बसवत नव्हतं.

तिने कामाला सुरुवात केली ती अशी, की आधी सगळ्या वस्तूंचे फोटो काढले. नुसत्या वस्तूंचे नाही. बाईंना वॉकर धरून चालायला लावलं, साहेबांना खुर्चीत बसवलं. साहेब म्हणाले, "हसू की विव्हळू?" ती म्हणाली, "नेहमीसारखे बसा." बाई तोंडावर पदर धरून हसल्या. मग छोटी कार्डं छापून आणली आणि पेठांतल्या औषधांच्या दुकानांत, हाडांच्या डॉक्टरांकडे ठेवून आली. कोथरूडच्या सोसायट्यांतल्या लोकांचे व्हॉट्सॲपवर गट असतात म्हणे, त्यांत तिने मैत्रिणींकरवी फोटो टाकले. दहा-पंधरा दिवसांत फोन वाजायला लागला. कुणाची आई बाथरूममध्ये घसरली, कुणाच्या सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. गुडघा, खुबा, मणका. पुण्यातली म्हातारी माणसं अशी ओळीने पडतायत हे मला तोवर माहीत नव्हतं.

खोली रिकामी होत गेली. साहेब म्हणाले, "छान. आता निदान पाय पसरून बसता येतं." त्यांच्या तोंडून हे म्हणजे पाठ थोपटल्यासारखं होतं.

एक दिवस आमची कॉट गेली. आमची म्हणजे केंद्राचीच, पण मी ओळखली. दांडा फिरवताना करकरायचा म्हणून मी त्याला खोबरेल तेल घातलं होतं, त्याचा वास अजून येत होता. न्यायला आलेला पोरगेलासा माणूस घाबरलेला होता, त्याच्या वडिलांना त्याच दिवशी घरी आणणार होते. मी त्याला दांडा कसा फिरवायचा ते दाखवलं, हळू फिरव म्हटलं, मान एकदम वर जाते. टेम्पोत चढवायला हात लावला. टेम्पो गेल्यावर बाईंनी मला चहा दिला. मी चहा घेत नाही हे त्यांना माहीत होतं. तो मी प्यालो.

आता जे झालं ते सांगतो.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. सकाळी घरी माझा फोन टुंग वाजला. मी चौथी शिकलेला, मोबाइलवरचं एकेक अक्षर लावत वाचतो. निरोप होता, 'नमस्कार! आमच्या केंद्राचा लाभ घेतल्याबद्दल आभार. आपला अनुभव कसा होता? पाचपैकी किती तारे द्याल? पुन्हा अवश्य या!' खाली फुलांचा गुच्छ आणि हसरं तोंड.

मी पुन्हा पहिल्यापासून वाचला. अनुभव कसा होता. पुन्हा अवश्य या.

नात स्वयंपाकघरात पोळ्या करत होती. मी फोन घेऊन तिच्यासमोर धरला. "हे तू पाठवलंस?"

"हो आबा. ज्यांनी वस्तू परत केल्या त्या सगळ्यांना. एकदा आलेलं गिऱ्हाईक टिकवायचं असतं, आम्हाला..." आणि ती थांबली. तवा धुरायला लागला तरी तिचा हात पोळीला जाईना.

आपल्याकडे कुणाच्या घरी गेलं की निघताना माणूस 'येतो' म्हणतो. मयताच्या घरून उठताना म्हणत नाही. गुपचूप उठायचं, चपला घालायच्या, चालू लागायचं. घरच्यांनीही 'या' म्हणायचं नाही, दारापर्यंत पोचवायला जायचं नाही. आजी गेल्यावर आमच्या घरातून किती माणसं अशी न बोलता उठून गेली, ते हिने स्वतः बघितलं होतं. माहीत नव्हतं असं नाही. घरी असताना माहीत होतं आणि फोन हातात घेतल्यावर ते गिऱ्हाईक झालं, एवढंच.

आम्ही केंद्रावर पोचलो तेव्हा साहेब फोन कानापासून लांब धरून बसले होते. पलीकडून बाईमाणसाचा आवाज येत होता, "आम्हाला आई एकच होती हो. पुन्हा यायचं तर दुसरी कुठून आणू?" तो ठेवला तोच दुसरा. एका सदाशिव पेठेतल्या गृहस्थांनी लेखी उत्तर पाठवलं होतं, ते साहेबांनी मोठ्याने वाचलं. 'वडील शांतपणे गेले. त्यांच्या वतीने चार तारे. गादीत हवा कमी होती, त्याचा एक कापला आहे.'

बाईंना हसू आलं, त्यांनी ते गिळलं. साहेब हसले नाहीत. ते नातीला म्हणाले, "तुम्हाला हवा होता तो अनुभव मिळाला. आम्हालाही मिळाला. आता उद्यापासून येऊ नका."

"साहेब, चूक झाली. पण मला कुठे सांगायचं असेल की मी इथे काम केलं..."

"सांगा की. कुणी फोन करून विचारलं तर जे झालं ते मी सांगेन."

दिवाळी तोंडावर आलेली. हातात होतं ते एवढंच काम, तेही गेलं. घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून पडली. मला समजूत घालता येत नाही. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो आणि म्हटलं, "रडून काय व्हायचंय? फोन कर."

"कुणाला?"

"ज्यांना निरोप गेला त्यांना. सगळ्यांना."

"सॉरीचा मेसेज टाकू का?"

"आता आणखी मेसेज नको. तोंडाने बोल."

"शिव्या देतील आबा."

"देतील. ऐक."

मला त्यात पुढचं काही दिसत होतं असं मुळीच नाही. चुकीचा माल गेला तर गिऱ्हाइकाच्या दारात जावं लागतं, तेवढंच मला ठाऊक. संध्याकाळी ती गॅलरीत जाऊन बसली आणि एकेक नंबर लावायला लागली. पहिल्या दोघांनी खरंच झापलं. तिसऱ्या फोनला ती बराच वेळ नुसती 'हो', 'हो ना' म्हणत राहिली. मग तीही बोलायला लागली. आजीबद्दल बोलत होती. आजीला कुशीवर वळवताना आपली कमर कशी भरून यायची, शेवटी शेवटी आजी पाणी नको म्हणायची, पण चमच्याने नारळपाणी घ्यायची. मी दाराच्या आत होतो. यातलं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती, मीही तिच्याशी नाही.

दोन-तीन संध्याकाळी हे चाललं. आणि त्यातून एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, तिच्याच, माझ्या नाही. त्या बायका-पुरुषांना ती विचारायची, सामान परत करायला त्रास झाला का? सगळ्यांनी तेच सांगितलं. आणणं सोपं असतं, परत नेणं जड जातं. घरात माणसं उरलेली नसतात, किंवा असतात त्यांना हात लावायचा धीर होत नाही. एकीने सांगितलं, माझ्या बहिणीकडे तुमचीच व्हीलचेअर वर्षभर पडून आहे, ती फोन उचलत नाही लाजेने.

ती सरळ केंद्रावर गेली. मीही मागे गेलो. साहेब म्हणाले, "मी 'पुन्हा या' म्हटलं नव्हतं."

"माहीत आहे. साहेब, तुमच्याकडे वस्तू मागणारे लोक वाट बघतायत आणि खोली रिकामी आहे. वस्तू लोकांच्या घरांत अडकल्यात. आपण परत मागायची नाही, आपण जाऊन आणायची. रविवारी टेम्पो काढायचा. मी जाईन."

साहेब काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "मी किती वर्षं म्हणतेय तुम्हाला हे."

"तुम्ही पुष्कळ गोष्टी म्हणता," साहेब म्हणाले. आणि तिच्याकडे वळून, "फोनवर बोलायचं. लिहायचं काही नाही."

असे आम्ही रविवारी जायला लागलो. टेम्पोवाला, नात आणि मी. सगळ्या घरांचं सांगत नाही, एकच सांगतो. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ, एकटेच. बायकोसाठी नेलेली व्हीलचेअर टीव्हीसमोर, आणि तिच्यात ते स्वतः बसलेले. पाय धडधाकट होते, दार उघडायला चालत आले होते आणि पुन्हा जाऊन तिच्यातच बसले.

"नेणार का?" ते म्हणाले.

"लागत नसेल तर," नात म्हणाली.

"इथून टीव्ही चांगला दिसतो."

मी म्हटलं, "मग ठेवा."

नातीने माझ्याकडे असं बघितलं, जणू टेम्पोचं भाडं आता मीच द्यावं. पण ते गृहस्थ हसले. मग आम्ही दोघं बोललो. काय बोललो? त्यांची बायको कशी होती, माझी कशी होती. कांद्याचं बोललो, त्यांची बायको म्हणे कांदा नाकाला लावून निवडायची. मी म्हटलं, असली गिऱ्हाइकं मला आवडायची नाहीत, माझ्या बायकोला आवडायची. बऱ्याच वेळाने ते उठले, खुर्चीवरची उशी काढून घेतली आणि खुर्ची दाराकडे ढकलली. आम्ही काही न बोलता जिना उतरलो.

खोली पुन्हा भरली आणि पुन्हा रिकामी व्हायला लागली. पगाराचं मात्र काही नाही. दिवाळीचे आकाशकंदील रस्त्यावर लागले, मुलाचे फोन वाढले. आणि एक दिवस नातीला फोन आला. कर्वे रस्त्याच्या बाजूला एक दुकान आहे, तिथे याच वस्तू भाड्याने देतात. नवीन कॉटा, मोटरवर चालणाऱ्या. मालकीणबाईंनी डॉक्टरकडे आमचं कार्ड बघितलं होतं. कार्ड कुणी केलं विचारत विचारत त्या नातीच्या नंबरापर्यंत पोचल्या. म्हणाल्या, आमच्याकडे याल का? पगार देऊ. लगेच सुरू करा.

पोरीने मला संध्याकाळी सांगितलं, आणि आनंदाने नाही.

"आबा, इथे फुकट मिळणारी वस्तू मी तिथे भाड्याने द्यायची? आणि त्यांना नंबर माझ्याकडचे हवे असणार."

"नंबर द्यायचे नाहीत. पगार घ्यायचा."

"तुम्हाला काही वाटत नाही?"

"मला वाटतं, तू घे."

ती साहेबांना विचारायला गेली. त्यांनी खुर्चीचं चाक पुसता पुसता ऐकून घेतलं. "त्यांच्या कॉटा आपल्यापेक्षा चांगल्या आहेत," ते म्हणाले, "मला लागली तर मीही त्यांचीच घेईन. ज्यांना परवडेल ते तुमच्याकडे येतील. ज्यांना परवडणार नाही त्यांना इकडचा पत्ता सांगा. त्या मालकीणबाईंना हे आधी सांगून ठेवा. नाही म्हणाल्या तर आम्हाला कळवा, म्हणजे कुबड्यांशेजारची जागा ठेवतो."

तिने सांगितलं. मालकीणबाई 'बरं' म्हणाल्या. ते खरं की नुसतं म्हणण्यापुरतं, ते कळायला वेळ आहे. धनत्रयोदशीच्या आधी नोकरी सुरू झाली.

मी तिला 'घे' म्हटलं, त्यावर मी अजून विचार करतो. साहेबांनी विचार करून सांगितलं, त्यात सगळ्यांची सोय होती. मी विचार न करताच सांगितलं. दुकान फसवं असतं, पगार नावापुरता असता, तरी मी 'घे'च म्हटलं असतं.

त्या रात्री मुलाचा फोन आला. तिच्याशी बोलून झाल्यावर तो मला म्हणाला, "बरं झालं आबा. ती तिथे राहिली म्हणजे तुम्हालाही सोबत झाली."

"मला काय करायचीय सोबत? पोरीला नोकरी हवी होती, ती लागली."

"तुम्हाला एकट्याला जमलं असतं?"

"न जमायला काय झालंय?" मी म्हणालो, आणि तो आणखी काही विचारायच्या आत फोन नातीच्या हातात दिला.